रत्नमालेचं नाक

विनोदने शेगडीखाली डोकं घातलं आणि पाना न लावताच, नुसत्या दोन बोटांनी, पायाचा नट फिरवून दाखवला.

"काकू, हा नट हाय का भोवरा?"

"रस्तेच तसे हाय बाप्पा," रत्नमाला म्हणाली. "गयेहून येता येता माईच हाडं ढिली होऊन गेली. तू शेगडीचं काय घेऊन बसला?"

ती किचनगाडीच्या दारात तांदळाचं ताट मांडीवर घेऊन बसली होती. किचनगाडी म्हणजे एक जुना टेम्पो. तिच्या थोरल्या दिराने, आनंदरावांनी, त्याच्यावर पत्र्याची खोली चढवून आत फळ्या, पाण्याचा ड्रम आणि तीन बर्नरची शेगडी बसवली होती. दर हिवाळ्यात आसगावातून बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर अशी त्यांची सहल निघे. पुढे माणसांची बस, मागे ही गाडी. घरात एका जागी सुखाने बसायची वस्तू गावोगाव हिंडवली की तिचं जे व्हायचं ते होतं. जाळ्या खडखडतात, नट सुटतात, नळीवरची क्लिप सरकते, बटणं हातात येतात. म्हणून निघायच्या दिवशी अड्याळहून शेगड्या दुरुस्त करणारा विनोद येई आणि दुपारभर बसून सगळं कसून देई. आजही संध्याकाळी निघायचं होतं, आणि गाडी विहारासमोरच्या पटांगणात उभी होती.

रत्नमालेच्या बाजूला साबणाच्या फेसाचा मग होता. विनोदने एक जोड आवळला की ती ताट खाली ठेवायची, जोडाला फेस फासायची आणि बुडबुडा उठतो का ते डोळे बारीक करून बघायची.

"तुमी शेगडीले आंघोळच घालता, काकू."

"घालीन. तुले काय त्रास हाय?"

गावात याला रत्नमालेची काळजी म्हणत. काळजी कसली, तिला दुसरा इलाजच नव्हता. करोनात ती आणि खुशाल, तिचा नवरा, दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटांवर होते. खुशाल गेला, ती परत आली, आणि तिच्या नाकातून वास जे गेले ते कायमचेच. फोडणी, फुलं, ओली माती, फिनेल, सगळं सारखंच कोरडं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण रत्नमालेचं नाक ही आसगावात सर्वांनी मान्य केलेली गोष्ट होती. नवी नवरी असताना, धानाच्या ढिगाला लागलेली आग तिने धूर दिसायच्या आधी ओळखली होती. तेव्हापासून दूध नासलं का, तेल खवट आहे का, हे विचारायला बाया तिच्याकडे येत. अजूनही येत. ती भांडं नाकाशी धरायची, पण बघायची ती आणणारीच्या तोंडाकडे. ती बाई आधीच नाक मुरडून आलेली असायची. निकाल कधी चुकला नाही.

स्वयंपाकही तिने असाच निभावला होता. मोहरीचा आवाज ऐकायचा, कांद्याचा रंग बघायचा, आणि पहिला चमचा सहलीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्यायचा. मोठ्यांचा मान ठेवते म्हणून लोकांनी तिचं कौतुकच केलं.

सांगितलं असतं तर गाडीवरची जागा गेली असती. गाडी गेली की उरली आनंदरावांच्या घरामागची खोली, आणि थोरली जाऊ मंगलाबाई. घरात रत्नमालेला कोणी नावाने हाकसुद्धा मारत नसे. गाडीवर चाळीसेक माणसं तिला रत्नाताई म्हणत, आणि तिच्या हातचा चहा मिळाल्याशिवाय बस हलत नसे. वर्षातले हे थोडे दिवस सोडले तर बाकीचं आयुष्य तिला नकोच होतं.

"टाकी चालू हाय बरं," विनोद बाहेर उतरत म्हणाला. "मधल्या बटणाचं प्लास्टिक फुटलं वाटते. माया मोटरसायकलच्या डिक्कीत नवं हाय, घेऊन येतो. तवापर्यंत हात लावू नोका."

ऊन दारात आलं तशी रत्नमाला ताट घेऊन आत सरकली. मधलं बटण बंदवर होतं. तिने ते पाहिलंही. पण फुटलेलं बटण दांड्यावर नुसतंच फिरलं होतं, आतला दांडा अर्धा उघडाच राहिला होता. विहाराच्या भोंग्यावर गाणी चालली होती, त्यात तो बारीक फुसकारा बुडून गेला. रत्नमाला तांदळातले खडे वेचत राहिली. रस्त्यावर विनोदला कोणी ओळखीचं भेटलं, तो दोन शब्द बोलत थांबला.

परत येऊन त्याने पायरीवर पाय ठेवला आणि त्याचा श्वासच अडकला. तो आत धावला, टाकीवरचा रेग्युलेटर बंद केला आणि रत्नमालेच्या मनगटाला धरून तिला ओढतच बाहेर आणलं. ताट उपडं झालं, तांदूळ गाडीभर सांडले.

"काकू! तुमाले वास नाई आला?"

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. कळायचं ते कळलं, पण या वेळी उशीर झाला होता.

"सर्दी झाली हाय मले."

"सर्दीत बी हा वास येते." विनोदने फेसाच्या मगाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचा आवाज उतरला. "कधीपासून, काकू?"

"कोनाले सांगू नोको."

"अवो, चाळीस मानसं हाय तुमच्या भरोशावर."

"म्हणून तं फेस लावून पाह्यते ना. घरी बसवतीन रे मले ते. तू पाह्यलं हाय ते घर."

विनोदने पाहिलं होतं. तिथली शेगडी दुरुस्त करायला तो एकदा गेला होता तेव्हा रत्नमाला जेवायला बसली होती. मंगलाबाईने तिच्या पुढचं ताट उचललं, "आंधी भांडे" म्हटलं आणि विनोदला चहा विचारला. तो चहा त्याने तसाच ठेवला होता.

"मी कायले सांगू?" तो शेवटी म्हणाला. "पर या खेपेले मी साऱ्या शेगडीचा एकएक जोड परत कसून देतो. आन् तुमी बटणाच्या भरोशावर राहू नोका. काम झालं का सीधी टाकी बंद. झोपाच्या आंधी टाकी बंद. आयकलं?"

तिने मान हलवली. मग ती हापशीवर तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ पाणी मारत राहिली. तेवढ्यात विनोदने टाकी सोडवून खाली उतरवली, चिंचेच्या सावलीत नेऊन ठेवली आणि गाडीच्या दोन्ही बाजूंचे पत्रे वर केले. वारा आरपार वाहू लागला.

या सगळ्यातलं मंगलाबाईला दिसलं ते एवढंच, की विनोदने रत्नमालेला हाताला धरून गाडीबाहेर काढलं आणि दोघं खालच्या आवाजात बोलत उभी राहिली. ती खिरीचं दूध घेऊन विहाराच्या फाटकात आली होती. तिने दुधाची कॅन तिथेच ठेवली आणि उलट पावली आनंदरावांना आणायला गेली.

आनंदराव आले तेव्हा एकटे आले नाहीत. सहलीची माणसं पिशव्या घेऊन जमायला लागलीच होती, तीही मागोमाग आली. सगळ्यांच्या पुढे तुळसाआजी होती. तिचं वय कोणालाच ठाऊक नव्हतं. शाल मात्र तिने भर दुपारीच पांघरली होती.

"माया डोळ्यानं पाह्यलं," मंगलाबाई सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. "हाताले धरून बाहेर आनलं. भर दुपारी, विहारासमोर. गेलेल्या मानसाची तरी काही..."

वाक्य तिने तिथेच सोडलं. वाक्यं अर्धी सोडण्यात मंगलाबाईचा हात कोणी धरला नसता.

"काय झालं गा, विनोद?" आनंदरावांनी विचारलं.

 विनोदने रत्नमालेकडे पाहिलं. काय सांगायचं ते तिनेच ठरवावं म्हणून तो थांबला होता. ती म्हणेल त्याला हो म्हणायची त्याची तयारी होती, आणि ते त्याच्या तोंडावर सरळ दिसत होतं. रत्नमालेने त्या तोंडाकडे पाहिलंच नाही.

"गॅस सुटला होता, भाऊजी," ती म्हणाली. "यानं बटण ढिलंच ठेवलं आन् रस्त्यावर गप्पा माराले गेला. मले वास आला. मी ओरडली, तवा कुठं धावत आला."

विनोदने वाकून पायाशी पडलेला पाना उचलला.

"ओरडली?" मंगलाबाई म्हणाली. "मले तं नाई ऐकू आलं."

"एवढ्या भोंग्यात काय ऐकू येते, ताई?"

"आन् वासबी नाई येऊन राहिला." मंगलाबाईने दारातून आत मान घालून दोनदा हुंगलं. "कोठी हाय गॅस? दाखव ना आमाले."

सगळे रत्नमालेकडे बघायला लागले. मघाशी एवढंच खोटं पुरेल असं तिला वाटलं होतं. आता ते पुरत नव्हतं. ती पायरीवर चढली, दाराच्या चौकटीला धरून तिने छातीभर श्वास घेतला आणि जुन्या दिवसांत घ्यायची तसा क्षणभर धरून ठेवला.

"येते ना," ती म्हणाली. "आताबी येते. अजून सुटूनच राहिला हाय. यानं एकबी जोड धड कसला नाई."

 मग तुळसाआजीने नाक वर केलं.

"हो वं बाई," ती म्हणाली. "येऊन राहिला."

तिच्या मागे पोराला घेऊन उभ्या असलेल्या रक्षालाही आला. तिने पोराला मागे ओढलं. एकाने रुमाल काढला, दुसरा म्हणाला की त्याला फाटकातच आला होता, पण बोललं कसं म्हणून तो गप्प राहिला. आनंदरावांनी जन्मभर तंबाखू चोळली होती, त्यांना गुलाबाचा आणि घासलेटचा वास एकच. त्यांनीही तोंड फिरवलं. "बापरे, केवढा हा वास! मस्तकात चढून राहिला ना." शेवटी मंगलाबाईने नाकाला पदर लावला. एवढ्या माणसांत एकट्या आपल्याच नाकाला काही कळत नाही असं म्हणवून घ्यायची तिची तयारी नव्हती.

मग मात्र सगळे मिळून विनोदवर तुटून पडले. "मानसं माराले निघाला का गा?" आनंदराव गरजले. "आमच्या घरचं खाऊन आमच्याच गाडीले आग लावतं?" कोणी म्हणालं, याचा हात पहिल्यापासूनच ढिला. कोणी म्हणालं, याच्या बापाचाही तसाच होता. विनोदचा बाप मंडपवाला होता, त्याने जन्मात शेगडीला हात लावला नव्हता, पण ते तिथे कोणाला विचारायचं नव्हतं. आनंदरावांनी फोन काढला आणि सगळ्यांदेखत लावला. आधी पवनीच्या कॅटरिंगवाल्याला, मग अड्याळच्या मंगल कार्यालयाला, मग भंडाऱ्याच्या एका सहलवाल्याला. "विनोदले बोलवू नोका. हो, तोच. आज आमच्या साऱ्यायले मारत होता. आमच्या रत्नमालेच्या नाकानं वाचवलं." प्रत्येक फोनला ते हेच म्हणाले, आणि दर वेळी गॅस आधीपेक्षा जास्त सुटला.

विनोदने पाने पुसून एकेक पिशवीत भरले. नवं बटण त्याच्या हातातच राहिलं होतं. तो पायरीशी आला आणि ते त्याने रत्नमालेच्या तळहातावर ठेवलं.

"हे बसवून घेजा, काकू," तो म्हणाला. मग तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, "टाकी चिंचेखाली हाय. मी मघाच उतरवली."

तिने तिकडे पाहिलं. लाल टाकी सावलीत उभी होती, वर रेग्युलेटर जसाच्या तसा. तिला लाज वाटली. पायरीवरून खाली उतरता येईना अशी लाज. अजून वेळ गेली नव्हती. विनोद फाटकापर्यंतसुद्धा पोचला नव्हता, एक हाक पुरली असती. तिने तोंडातल्या तोंडात त्याचं नाव घेतलं आणि बाजूला मंगलाबाई उभी आहे हे बघून गिळून टाकलं. रस्त्यावर मोटरसायकल सुरू झाली आणि अड्याळच्या बाजूला निघून गेली.

"आन रे तुये पानं इकडं," आनंदराव ड्रायव्हरला म्हणाले. "मीच कसतो. त्यात काय एवढं?"

टाकी कुठे आहे म्हणून शोधाशोध झाली. ती चिंचेखाली सापडली तेव्हा क्षणभर सगळे थबकले.

"तरीच वास कमी झाला," तुळसाआजी म्हणाली, आणि सगळ्यांना ते पटलं.

मंगलाबाईला पटलं नाही. तिने टाकीकडे पाहिलं, रत्नमालेकडे पाहिलं. काहीतरी तिच्या लक्षात यायला लागलं होतं. पण नाकाचा पदर अजून तिच्या हातातच होता. तिने तो मुकाट्याने खांद्यावर टाकला आणि दुधाची कॅन आणायला गेली.

आनंदरावांनी बटण ठोकून बसवलं. नळी टाकीला जोडली आणि क्लिपचा स्क्रू दात-ओठ खाऊन पिळायला लागले. विनोद कुठे थांबायचा ते रत्नमालेने दर वर्षी बघितलं होतं. आनंदराव त्याच्या पुढे गेले, आणखी पुढे गेले. पत्र्याची क्लिप रबरात रुतली.

"बस, भाऊजी. नळी कापंल."

"तू मले शिकवू नोको."

"मंग एक डाव फेस लावून पाहू."

"फेस कायले?" आनंदराव उठले, हात झटकले आणि लोकांकडे वळले. "येवढं मोठं नाक हाय ना आपल्यापाशी. पाह्य वं रत्नमाला, येते का अजून?"

लोक हसले. चांगलं, मायेचं हसू होतं ते. मग ते वाट बघायला लागले. रत्नमाला शेगडीपाशी वाकली. तिने श्वास घेतला. आत कोरडी हवा आली, नेहमीसारखी. तिने मान वर करून पहिल्यांदा आनंदरावांचं तोंड पाहिलं, मग तुळसाआजीचं, रक्षाचं, रुमालवाल्याचं. कोणाच्याच तोंडावर वाचण्यासारखं काही नव्हतं. सगळे तिच्याच तोंडाकडे बघत होते.

"नाई," ती म्हणाली. "आता नाई येत."

"झालं तं मंग. ठेव खीर."

निघण्यापूर्वी गाडीतल्या शेगडीवर खीर शिजवायची, बुद्धाला खीर देणाऱ्या सुजातेची आठवण म्हणून, हा आनंदरावांच्या वडिलांनी पाडलेला पायंडा होता. शेगडी पेटेस्तोवर सहलीतल्या सर्वांनी तिच्याभोवती उभं राहायचं. बाया आत दाटीवाटीने उभ्या राहिल्या, पुरुष दारापाशी. पोरांना पुढे घेतलं. कोणाच्या तरी चपलेखाली सांडलेले तांदूळ करकरले. भोंगा बंद झाला आणि हात जोडून सगळ्यांनी त्रिसरण म्हणायला सुरुवात केली. रत्नमालेने लायटर उचलला. तिचा आवाज त्यांच्यात मिसळत नव्हता. ती फक्त ओठ हलवत होती.

तिने बटण फिरवलं, डोळे मिटले आणि लायटर दाबला.

निळी ज्योत उठली आणि गोल पसरली. "साधू, साधू, साधू," सगळे म्हणाले. रत्नमालेने फळीचा आधार घेतला. लोकांना वाटलं तिला भरून आलं. रक्षाने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

खीर वाटून झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. पहिला चमचा तुळसाआजीने घेतला आणि साखर बरोबर आहे म्हणाली. माणसं बसमध्ये चढायला लागली. तुळसाआजी मात्र वळकटी घेऊन किचनगाडीच्या दारात आली. तिच्या मागे रक्षा होती, आणि आणखी दोघी.

"बसमंदी माये पाय सुजते," आजी म्हणाली. "या खेपेले आमी इथीसाच झोपू, तुयाजवळ. दार लावून घेतलं का थंडी नाई लागत." तिने वळकटी आत ढकलली आणि शेगडीच्या पायाशी पसरलीही. "तुयं नाक हाय, मंग कोनाले भेव? बिनघोर झोप लागंल मले. झोपू ना वं?"

बाहेर आनंदराव ड्रायव्हरला हाका मारत होते. शेगडीखाली नळी होती, क्लिप रुतलेली. रत्नमालेने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि आजीच्या उशाची घडी सारखी केली.

"झोप ना, आजी," ती म्हणाली. "मी हावो ना."